बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत

राजुरी, २ नोव्हेंबर २०२५

स्वराज,

पिंपळगावचा पत्ता मला विपुलनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस. जुन्नरला त्याच्या केकच्या दुकानात तीनदा जाऊन बसले, तेव्हा कुठं त्यानं तू कामाला आहेस त्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसचं नाव बिलाच्या मागं लिहून दिलं. वर म्हणाला, "इंद्रायणीताई, नव्या नंबरवरनंसुद्धा फोन लावू नका. तुमचा आवाज ऐकला की तो कट करतो." म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलं नव्हतं. मायना काय घालावा सुचेना, नुसतं नाव लिहिलं.

घरी ठीक आहे. कांद्याची रोपं टाकलीत. आईला कुणी तुझं विचारलं तर "नाशिककडं मोठ्या कंपनीत लागलाय" म्हणते आणि लगेच विषय बदलते.

मी नोकरी सोडली, दसऱ्यानंतर. सयाजीभाऊ गेले म्हणून सोडली असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं असं की मला बोलताच येईना. हेडफोन लावला की पहिला शब्दच निघायचा नाही. सरांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी पाठीमागं येऊन म्हणाले, "घरी जा, विश्रांती घे." घरी पोचेपर्यंत माझं लॉगिन बंद झालं होतं. तुम्हा रायडरांचे आयडी बंद व्हायचे ना, तसंच.

सरांचं नाव मी लिहीत नाही. तुला माहीतच आहे.

डिलिव्हरी कंपनीच्या त्या हबमध्ये माझी खुर्ची काचेच्या आत होती आणि तुम्ही सगळे बाहेर गाड्यांवर. आत काय चालायचं ते मी तुला कधी सांगितलं नाही. सर कधी ओरडले नाहीत. ओरडायचं काम ते दुसऱ्याकडून करून घ्यायचे. कुणाला उशीर झाला की माझ्या मागं उभे राहायचे, फोन स्पीकरवर टाकायला लावायचे आणि हळूच म्हणायचे, "तू बोल. तू ताई आहेस त्यांची." मग मी बोलायचे. दर रविवारी सगळ्यात मागं राहिलेल्या रायडरचा फोटो ग्रुपवर जायचा, त्यावर हार चिकटवलेला. तो हार मी चिकटवायचे. ज्याचा फोटो, त्यानं स्वतःच्या आवाजात मेसेज पाठवून सगळ्यांची माफी मागायची. मे महिन्यात तुझा गेला होता. तू माफी मागितलीस आणि घरी येऊन आईला म्हणालास, आज जेवत नाही, बाहेर खाल्लंय. मी आतल्या खोलीत होते. मला ऐकू आलं होतं.

जून महिन्यात पुण्याच्या ऑफिसात नेऊन माझा आवाज रेकॉर्ड केला, तेव्हा आपण किती खूश झालो होतो! सर म्हणाले होते, "तुझा आवाज घरचा वाटतो, पोरं ऐकतील." ऑर्डर वाढल्या की त्या आवाजात रायडरांना आपोआप फोन, कुणी दोन दिवस आलं नाही की फोन. तू हसायचास, "ताई, समोर बसून जेवतीयस आणि खिशातनं बी फोन करतीयस."

जुलैत ॲपमधलं 'हवामान खराब' हे ऑर्डर नाकारायचं कारणच काढून टाकलं. सर म्हणाले, पावसाळ्यात हवामान खराबच असतं, ते कारण कसं होईल?

सयाजीभाऊंना तुम्ही पोरं 'म्हातारं' म्हणायचा. चाळीस वर्षांच्या माणसाला! पंधरा ऑगस्टच्या सुट्टीतल्या त्या शनिवारी घाटघरच्या रस्त्यावर ते गाडीसकट दरीत गेले. त्यांच्या दहाव्याच्या दिवशी तू मला गोठ्यापाशी गाठलंस. "ताई, खरं सांग. भाऊ ऑर्डरवर व्हते का?" मी म्हणाले, नव्हते, सिस्टिममध्ये पाच चाळीसला लॉगआउट आहे. तू पाठ फिरवून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी बॅग नव्हती.

सिस्टिममध्ये तसंच आहे, स्वराज. मी जे बोलले ते तिथं तसंच लिहिलेलं आहे.

इंद्रायणी


राजुरी, १९ नोव्हेंबर २०२५

स्वराज,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पण काल जे झालं ते आईला सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात सयाजीभाऊंची आई, सारजाबाई, जुन्नरला हबवर आली होती. हातात कंपनीचं पत्र. तिला आत सोडलं नाही. ती समोर विपुलच्या पायरीवर बसली. त्यानं चहा दिला, पत्र वाचून देतो म्हणाला, तर ती म्हणाली, "तू दुकानदार. कंपनीतलंच मानूस पायजे. मला इचारायचं हाय त्येला." विपुलनं मला फोन केला. मी म्हणाले, मी आता कंपनीत कुठं आहे? तो म्हणाला, तरी एकदा जाऊन या.

काल गेले. घोडेगावच्या स्टँडवरून वरच्या गावांची एसटी धरली. भाऊंच्या वाडीच्या फाट्यावर उतरल्यावर पाऊण तास चढ आहे. भाऊ रोज हा चढ उतरून, मग जुन्नरपर्यंत येऊन सकाळी आठच्या मीटिंगला उभे असायचे. एका मिनिटाचा उशीर झाला तरी मी नोंद करायचे.

अंगणात भात वाळत घातलं होतं. सारजाबाई काठी घेऊन कोंबड्या हाकत होती.

"कोन गं बाई?"

"मी राजुरीची. सयाजीभाऊंच्या कंपनीत होते."

"व्हतीस?"

"आता सोडलं."

तिनं मला नखशिखांत बघितलं आणि पाट दिला. कोरा चहा केला. मग पिशवीतनं पत्र काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी वाचून दाखवलं. सदर व्यक्ती अपघाताच्या वेळी कामावर नव्हती. ती त्या ठिकाणी खासगी कारणाने गेली असावी. कंपनी दुःख व्यक्त करते.

"खासगी म्हंजी?"

"स्वतःच्या कामानं."

"त्याचं काय काम तिकडं? घाटघरला आमचं कोन न्हाई." ती थोडा वेळ थांबली. "गावात म्हनत्यात, प्यायला गेला आसंल पोरांसंगं. सुट्टी व्हती ना. माझ्या पोरानं जन्मात सुपारी खाल्ली न्हाई, बाई. आता मी कुनाकुनाला सांगू?"

मी पत्राची घडी घालत होते. तेवढ्यात देवळीत फोन वाजला.

भाऊंचाच फोन. काच तडकलेली, कोपरा उडालेला. पोलिसांनी परत दिला होता. सारजाबाई लगबगीनं उठली, पदराला हात पुसला, मोठ्यानं ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबून फोन समोर धरला.

"नमस्कार भाऊ, मी इंद्रायणी बोलतेय. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. सगळं ठीक आहे ना? या परत. आम्ही वाट बघतोय."

स्वराज, तो माझा आवाज होता. मी पाटावर बसलेली, तोंड बंद, आणि माझा आवाज त्या घरात बोलत होता.

सारजाबाई फोनला म्हणाली, "न्हाई गं बाई. गेला तो. किती डाव सांगू तुला?" फोन बंद झाला. तिनं तो परत देवळीत ठेवला, देवाजवळ. मला म्हणाली, "दोन-तीन दिसाआड करती ही पोरगी. ऐकून घेत न्हाई, पन इचारती तरी. म्हनून शेजारी पाठवून चार्ज करून ठेवती मी. दुसरं कोन इचारतंय त्याला?"

मग म्हणाली, "तू का गं येवढी हळू बोलतीस?"

मी घसा बसलाय म्हणाले. एसटी चुकेल म्हणून उठले. पत्र तिथंच राहिलं. उतारावर दोनदा पडले.

इंद्रायणी


राजुरी, ७ डिसेंबर २०२५

स्वराज,

विपुल म्हणाला, पत्रं तुला मिळाली. तू वाचलीस पण काही बोलला नाहीस. वाचतोस, तेवढं मला पुरे आहे.

मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली. ती गाळून बाकीचं सगळं खरं लिहीत गेले, म्हणजे आपण खरं लिहितोय असं मलाच वाटावं.

भाऊ ऑर्डरवर होते.

घाटघरला एका पर्यटकांच्या मुक्कामाच्या घरी केक पोचवायचा होता, वाढदिवसाचा. तो विपुलच्याच दुकानातून भाऊंनी पाच वाजून पाच मिनिटांनी उचलला. सहा वाजून चार मिनिटांनी त्यांचा मला फोन आला. ते आपटाळ्याच्या पुढं चढावर होते.

"ताई, म्होरं हात दिसंना. मागं फिरू का?"

सर माझ्या मागंच होते. फोन स्पीकरवर. मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. तोंडातून एक शब्द काढला नाही त्यांनी. पुढं कधी कुणी विचारलं असतं तर त्यांचा आवाज कुठंच सापडला नसता.

मी म्हणाले, "हळूहळू जा भाऊ. थोडंच राहिलंय."

"बरं ताई," म्हणाले. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा माणूस मला ताई म्हणाला आणि पुढं गेला.

साडेसहानंतर नकाशावर त्यांचा ठिपका हलला नाही. मी तीन वेळा फोन लावला, नुसता वाजत राहिला. धुक्यात कुठं थांबला असेल, असं सर म्हणाले. आम्ही हब बंद करून घरी गेलो. मी घरी आले, आईनं केलेली भाकरी खाल्ली. सकाळी पायवाटेनं जाणाऱ्या माणसांना गाडी दिसली.

आठ वाजता हबमध्ये सर माझ्या आधी येऊन बसले होते, माझ्याच खुर्चीत. उठले, मला बसवलं. खांद्यावर हात ठेवला नाही, पण ठेवल्यासारखे जवळ उभे राहिले. म्हणाले, "काल पाच चाळीसला त्याला लॉगआउट दाखव. ऑर्डर रद्द दाखव. तुझ्या लॉगिननं होतं ते."

मी विचारलं, "सर, असं कसं?"

ते म्हणाले, "त्याला मागं फिरू नको असं कोण म्हणालं? आवाज कुणाचा आहे त्या कॉलवर?"

मी केलं, स्वराज. चार वेळा बटण दाबावं लागतं. चौथ्यांदा ॲप विचारतं, नक्की का? मी 'हो' दाबलं.

म्हणून तुला गोठ्यापाशी सांगितलं ते सिस्टिममध्ये होतं. मीच घातलेलं होतं. मागं एकदा लिहिलं होतं ना, मला बोलता येईना. आता तोंड उघडलं की वाटतं, दुसरीकडं कुठंतरी, कुणाच्या तरी घरात हाच आवाज आत्ता बोलत असेल. आई म्हणते, पोरीला नजर लागली. मिरच्या ओवाळून टाकल्या तिनं.

तू मला कट केलंस ते बरोबरच केलंस.

इंद्रायणी


राजुरी, ११ जानेवारी २०२६

स्वराज,

हे पत्र बसून वाच. सोबत कुणी असेल तर त्याला बाहेर जायला सांग.

डिसेंबरात मी पुन्हा वाडीवर गेले. या वेळी आधी विपुलला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "पाच-पाचचं बिल माझ्याकडं आहे. दुकानातल्या कॅमेऱ्यात भाऊ दिसतायत, कंपनीच्या टी-शर्टात. मी त्याच आठवड्यात ते वेगळं काढून ठेवलं. कुणी विचारायला येईल म्हणून थांबलो होतो. नुसता थांबलो, ताई. मी तरी कुठं उठून गेलो?"

सारजाबाई दारातच होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, मोठ्या आवाजात. केक, धुकं, सहा-चारचा फोन, सरांची मान, माझं 'थोडंच राहिलंय', सकाळची चार बटणं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ती म्हणाली, "झालं?"

"हो."

"त्या दिशी कागद वाचलास तवाच आवाज वळखला मी तुझा. सारखा ऐकती की. म्हनलं, आपनहून बोलती का पळती, बघू. पळालीस."

मी रडले नाही. रडले असते तर तिला माझी समजूत काढावी लागली असती, म्हणून दात आवळून उभी राहिले. ती आत गेली आणि भाऊंचा फोन घेऊन आली. "ह्याच्यात दिसंल का तुजा फोन? त्या टायमाचा?" मी कॉलची यादी उघडून दाखवली. सोळा ऑगस्ट, सहा वाजून चार. त्याच्या वर माझे तीन. तिला वाचता येत नाही, पण तिनं त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हंजी कामावर व्हता."

"कामावर होते."

"मोठ्यानं बोल. शेजारी ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं बोलले. शेजारचं दार उघडलं. बाई बाहेर आली. सारजाबाई म्हणाली, "आता तिला सांग." मी तिलाही सांगितलं. मग पुढच्या घरी. वाडीत नऊ घरं आहेत. सारजाबाई पुढं चालत होती, मी मागं. नवव्या घरापाशी माझा आवाज खरंच बसला. एकानं माझ्या अंगावर हात उगारला, तर ती म्हणाली, "तिला बोलून संपवू दे आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आणि विपुल पोलिस ठाण्यात गेलो. मी जबाब दिला. सहा पानं झाली. घोडेगावच्या एक वकीलबाई सोबत होत्या. त्यांनी आधीच सांगितलं, यात तूही आरोपी होऊ शकतेस. मी म्हणाले, मला माहीत आहे. फोन जमा करून घेतला. सारजाबाईनं तो देताना दोनदा मागं घेतला.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज तोच, हळू. "इंद्रायणी, ते सगळं तुझ्याच लॉगिनवरून झालंय. तू अडकशील. माझ्याविरुद्ध काय आहे तुझ्याकडं?" मी म्हणाले, "काही नाही सर. तुम्ही जे केलंत ते मी सांगितलंय, आणि मी जे केलं तेही. माझं जास्त आहे." त्यावर त्यांनी फोन ठेवला. आता ऐकते की त्यांना पुण्याच्या ऑफिसात बसवलंय, आणि हबमध्ये नवीन मुलगी आहे. केस चालेल. किती दिवस, कुणी सांगत नाही.

आता जे राहिलं ते.

मी जबाबात लिहून दिलंय की ती ऑर्डर आधी भाऊंच्या नावावर नव्हती. ती तुझ्या नावावर होती. पावणेपाचला तुला आली. तू नाही म्हणालास, "वर लई धुकं हाय, ताई, मी जात नाय." बरोबर म्हणालास. पण तो तुझा तिसरा नकार होता, आणि तिसऱ्याला आयडी कायमचा बंद. सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "भावाची तिसरी. काय करायचं ते तूच ठरव." आणि चहाला गेले. बघ, त्यांनी मला हुकूमसुद्धा दिला नाही.

मी तुझा नकार पुसला आणि ऑर्डर सयाजीभाऊंवर टाकली. ते कधी नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं. फोन केला. ते म्हणाले, "वर काय दिसत न्हाई म्हनत्यात. उद्या सकाळी नेली तर?" मी म्हणाले, केक आहे भाऊ, वाढदिवस आजच आहे. ते हसले. "मग न्यायलाच पायजे," म्हणाले.

गोठ्यापाशी तू विचारलंस, भाऊ ऑर्डरवर होते का. त्या प्रश्नाच्या आत तुझा दुसरा प्रश्न होता. तो मी ऐकला होता. "ती मी नाकारलेली ऑर्डर व्हती का?" म्हणून मी नाही म्हणाले. आजवर मला वाटत आलं, मी सरांच्या भीतीनं खोटं बोलले. भीती होतीच. पण तुझ्या तोंडाकडं बघून जे खोटं बोलले ते तुझ्यासाठी. आणि तू तर त्याच खोट्यामुळं घर सोडलंस.

सारजाबाईनं मला विचारलं होतं, "आधी कुनाच्या नावावर व्हती?" मी सांगितलं, माझ्या भावाच्या. ती अंगणातल्या दगडावर बसली. म्हणाली, "किती वर्साचा?" तेवीस, म्हणाले. "त्याला सांगू नगंस. जन्मभर वाहत बसंल. त्यानं न्हाई म्हनलं, ते शहाणपन केलं. माझ्यानं बी म्हनाय पायजे व्हतं." 'माझ्यानं' म्हणजे तिच्या सयाजीनं.

तिचं ऐकावं असं सारखं वाटत होतं. तीन आठवडे हे पत्र लिहिलं नाही. पण त्या शनिवारी मी तुला न विचारता तुझ्यासाठी ठरवलं, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली. गोठ्यापाशीही तुला न विचारता ठरवलं. आता पुन्हा नाही ठरवणार. तू नाही म्हणालास म्हणून भाऊ गेले नाहीत. मी तुझं 'नाही' पुसलं म्हणून गेले. हे दोन्ही वेगळं आहे आणि ते वेगळंच ठेव. मला ठेवता येत नाही, पण तू ठेव.

पोलिसांचा तुला फोन येईल. तुझा नंबर मी दिलाय. पावणेपाचला काय झालं ते विचारतील. जे झालं तेच सांग. मला वाचवायला काही गाळू नकोस.

इंद्रायणी